एका वर्षात ४७ मॅच जिंकणारा पिचर पुढे शॉर्टस्टॉप आणि मग वकील कसा झाला : जॉन मॉन्टगोमेरी वॉर्डबद्दल सविस्तर

प्रश्न असा होता की जुन्या बेसबॉलच्या रेकॉर्डमध्ये जॉन मॉन्टगोमेरी वॉर्ड नावाचा खेळाडू दिसतो, एका वर्षात ४७ मॅच जिंकलेला पिचर (बॅटरला बॉल टाकणारा), आणि तोच माणूस नंतर शॉर्टस्टॉप (आतल्या मैदानात फटके अडवणारा फिल्डर) म्हणून दिसतो, तर हे आकडे खरे आहेत का, आणि त्या काळात प्रोफेशनल खेळाडूचं करिअर नेमकं असायचं तरी कसं. मी बरीच वर्षं सॉफ्टबॉल आणि बेसबॉलच्या पोरांना पिचिंग शिकवतोय, त्यामुळे आधी हाताबद्दल बोलतो आणि मग कागदाबद्दल, कारण वॉर्डच्या आयुष्यात या दोनच गोष्टी खऱ्या महत्त्वाच्या आहेत, त्याचा खांदा आणि त्याचं काँट्रॅक्ट.

आकडे खरे आहेत. १८७९ साली प्रॉव्हिडन्स ग्रेज या टीमने ५९ मॅच जिंकल्या, नॅशनल लीग ही तेव्हाची मुख्य लीग जिंकली, आणि त्या ५९ पैकी ४७ विजय पिचर म्हणून वॉर्डच्या नावावर आहेत. त्या वर्षी त्याने ५८७ इनिंग टाकल्या, पुढच्या वर्षी ५९५ (एका मॅचमध्ये साधारण नऊ इनिंग, प्रत्येकीत समोरच्या टीमचे तीन आऊट होईपर्यंत टाकायचं). आज अमेरिकेतला एखादा मोठा पिचर वर्षाला २०० इनिंग टाकतो तर त्याचं कौतुक होतं. हे ऐकून आपल्याकडची पोरं लगेच म्हणतात सर तेव्हाची माणसं काय लोखंडाची होती का. नव्हती. खेळ वेगळा होता.

वॉर्ड १८७८ मध्ये १८ वर्षांचा असताना लीगमध्ये आला तेव्हा पिचर ४५ फुटांवरून टाकायचा आणि ओव्हरहँड टाकायला बंदी होती, हात कमरेखालून यायला हवा असा नियम. आपल्या सॉफ्टबॉलवाल्यांना हे पटकन कळेल, पुरुषांचं सॉफ्टबॉलचं अंतर ४६ फूट आहे, म्हणजे जवळजवळ तेवढंच. माऊंड (पिचरसाठीचा मातीचा उंचवटा) नव्हता, सपाट जमिनीवर आखलेल्या चौकोनात पिचर उभा राहायचा. बॅटर आधीच सांगायचा की मला वरचा बॉल हवा की खालचा, आणि पिचरला तिथेच टाकायला लागायचं. ग्लोव्ह बहुतेक फिल्डर वापरत नसत. हळूहळू हे सगळं बदलत गेलं, १८८१ ला अंतर ५० फूट झालं, नॅशनल लीगने १८८४ मध्ये ओव्हरहँडला मोकळीक दिली, वरचा-खालचा बॉल मागायची सोय १८८६ नंतर गेली, आणि आजचं ६० फूट ६ इंच हे अंतर १८९३ मध्ये आलं. वॉर्ड या सगळ्या बदलांमधून खेळत गेला, त्यामुळे त्याचं १८७९ चं वर्ष आणि १८९३ चं वर्ष एकाच तक्त्यात खाली-वर मांडलेलं असलं तरी ते जवळजवळ दोन वेगळे खेळ आहेत.

अंडरहँड टाकताना खांद्यावर ओव्हरहँडइतका ताण येत नाही हे खरं, पण ताण येतच नाही असं समजू नका. आपल्याकडे शाळेच्या स्पर्धांमध्ये एकाच पिचरला दिवसाला दोन-दोन मॅच टाकायला लावतात, कारण काय तर अंडरहँड आहे, काही होत नाही. होतं. वॉर्डचे आकडेच बघा ना, १८७९ ला ४७ विजय, १८८० ला ३९, आणि त्यानंतर ते खाली येतात ते येतातच. वीस वर्षांचा मुलगा होता हो तो तेव्हा. सलग दोन वर्षं जवळपास सहाशे इनिंग टाकल्यावर कुठला हात टिकणार.

१७ जून १८८० ची मॅच मात्र थोडी थांबून बघायला हवी. त्या दिवशी वॉर्डने बफेलोविरुद्ध परफेक्ट गेम टाकली, २७ बॅटर आले आणि २७ च्या २७ आऊट, एकही माणूस पहिल्या बेसवर (पळून गाठायच्या पहिल्या टप्प्यावर) पोचला नाही, स्कोर ५-०. समोर पिचर होता पड गॅल्विन, तो पण पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेलेला माणूस. गंमत म्हणजे मेजर लीगमधली पहिली परफेक्ट गेम याच्या फक्त पाच दिवस आधी, १२ जूनला, वूस्टरच्या ली रिचमंडने टाकली होती. आणि यानंतर नॅशनल लीगमध्ये पुढची परफेक्ट गेम कधी आली तर थेट १९६४ ला, जिम बनिंगची. ८४ वर्षं!

आता काही लोक म्हणतात की तेव्हा वॉक (चुकीचे बॉल पडल्यावर बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस) द्यायला आठ बॉल लागायचे, मग सोपंच होतं. मला हे पटत नाही. वॉकची भीती कमी होती हे बरोबर आहे, पण तेव्हा खरी भीती एररची, म्हणजे फिल्डरच्या चुकीची असायची. उघड्या हाताने पकडायचा, मैदानं खडबडीत, एका मॅचमध्ये दोन्ही टीमच्या मिळून पाच-सहा एरर होणं म्हणजे रोजचंच. परफेक्ट गेममध्ये एक सुद्धा एरर चालत नाही. म्हणजे वॉर्डच्या मागे उभ्या असलेल्या आठ जणांनी त्या दिवशी ग्लोव्हशिवाय पूर्ण नऊ इनिंग एकही बॉल सोडला नाही, फेकताना चुकले नाहीत. माझ्या मते त्या मॅचचं अर्धं श्रेय फिल्डिंगला द्यायला हवं, आणि अर्धं वॉर्डला यासाठी की त्याने फिल्डरना पकडता येतील असेच फटके मारायला लावले. हे मी पोरांना नेहमी सांगतो, स्ट्राईक आऊट (बॅटरला फटका न मारू देता घेतलेले आऊट) मोजत बसू नका, मागच्या माणसाला सोपा बॉल जाईल असं टाका.

त्याची अजून एक मॅच लोकांना माहीत नसते. १७ ऑगस्ट १८८२, डेट्रॉईटविरुद्ध, १८ इनिंग. पूर्ण १८ इनिंग वॉर्डने एकट्याने टाकल्या आणि एकही रन दिली नाही, शेवटी त्याच्याच टीमच्या चार्ल्स रॅडबर्नने होम रन मारून मॅच १-० अशी संपवली. हाच रॅडबर्न प्रॉव्हिडन्सचा दुसरा पिचर, त्या दिवशी आऊटफिल्डमध्ये खेळत होता. मुख्य पिचरची जागा हळूहळू त्याने घेतली आणि १८८३ च्या मोसमात वॉर्ड न्यूयॉर्कला गेला, ज्या टीमला पुढे जायंट्स म्हणायला लागले.

१८८४ मध्ये बेस पळताना त्याचा उजवा हात दुखावला आणि पिचिंग तिथेच संपली. वय २४. त्या काळात बहुतेक पिचरची गोष्ट इथेच संपायची, हात गेला की क्लब दहा दिवसांची नोटीस देऊन सोडून द्यायचा आणि माणूस परत गावी, कारखान्यात नाहीतर गुत्त्यावर. ना विमा, ना औषधपाण्याचा खर्च. वॉर्डने काय केलं तर त्या मोसमाचे उरलेले दिवस डाव्या हाताने थ्रो करायला शिकला आणि सेंटर फिल्ड खेळला. ज्यांनी कधी उलट्या हाताने थ्रो करून बघितलाय त्यांनाच कळेल हे काय आहे. हात नुसता फिरवून भागत नाही, पाय उलटे पडायला लागतात, कंबर उलटी वळायला लागते, अख्खं शरीर नव्याने शिकवायला लागतं आणि ते सुद्धा चालू मोसमात लोकांसमोर. आणि १८८५ ला उजवा हात थोडा बरा झाल्यावर तो शॉर्टस्टॉपला उभा राहिला, जी इनफिल्डमधली सगळ्यात अवघड जागा, आणि तिथे वर्षानुवर्षं टिकला. पिचर म्हणून शंभरावर विजय आणि बॅटर म्हणून दोन हजारावर हिट (फटका मारून बेस गाठणं) असलेला इतिहासात हा एकटाच माणूस आहे. १६४ विजय आहेत त्याचे.

१८८५ मध्येच अजून दोन गोष्टी झाल्या आणि माझ्या दृष्टीने त्या परफेक्ट गेमपेक्षा मोठ्या आहेत. एक, तो थंडीत खेळ बंद असायचा तेव्हा कोलंबिया विद्यापीठात जाऊन शिकत होता, त्या वर्षी त्याने कायद्याची पदवी घेतली. लहानपणीच आईवडील गेलेला पेनसिल्व्हेनियाच्या छोट्या गावातला मुलगा, कॉलेजमधून काढून टाकलेला, तो इथवर आला. दोन, ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या खेळाडूंनी मिळून एक संघटना काढली, ब्रदरहूड ऑफ प्रोफेशनल बेस बॉल प्लेअर्स, आणि वॉर्ड तिचा अध्यक्ष. प्रोफेशनल खेळातली ही पहिली युनियन. सेक्रेटरी होता टिम कीफ, त्याच टीमचा पिचर.

युनियन कशाला हवी होती हे कळायला रिझर्व्ह नावाची भानगड समजून घ्यायला लागते. १८७९ च्या सप्टेंबरमध्ये क्लबच्या मालकांनी आपापसात गुपचूप ठरवलं की प्रत्येक क्लबने पाच खेळाडू राखून ठेवायचे आणि त्या खेळाडूंशी दुसऱ्या कुठल्याही क्लबने बोलायचंच नाही. म्हणजे करार एका वर्षाचा, पण वर्ष संपल्यावर तुम्ही मोकळे नाही, त्याच मालकाकडे तो देईल त्या पैशात खेळा नाहीतर घरी बसा. पुढे पाचाचे ११ झाले, मग १२, मग १४, म्हणजे जवळजवळ अख्खी टीमच. आपल्याकडे आयपीएलमध्ये रिटेन करतात ना, तसं समजा, फक्त इथे पुढे कधी ऑक्शनच नाही, आणि खेळाडूला नाही म्हणायचा हक्क नाही. क्लबला मात्र दहा दिवसांच्या नोटिशीवर काढून टाकायचा हक्क आहे. शिवाय ब्लॅकलिस्ट होतीच, जास्त बोललात की नाव त्या यादीत.

वॉर्डने ऑगस्ट १८८७ मध्ये लिपिंकॉट्स मासिकात यावर लेख लिहिला, शीर्षकातच त्याने विचारलं की बेसबॉलचा खेळाडू ही कुणाच्या मालकीची वस्तू आहे का. पळून गेलेल्या गुलामाला पकडून परत मालकाकडे आणायचे जे कायदे होते त्यांच्याशी त्याने रिझर्व्ह नियमाची बरोबरी केली. अमेरिकेत गुलामगिरी संपून वीसेक वर्षंच झाली होती, त्यामुळे हे शब्द किती लागले असतील याचा अंदाज करा. आणि हे लिहिणारा माणूस त्याच वर्षी १११ बेस चोरून (फटका नसताना पळून पुढचा बेस गाठून) लीगमध्ये पहिला आलेला होता, म्हणजे खेळ संपल्यावर तक्रार करणारा कुणी म्हातारा नव्हता, त्याच्याकडे गमवायला खूप काही होतं. (त्या १११ बद्दल एक सांगतो, तेव्हा सोबत्याच्या हिटवर एक जादा बेस पळालात तरी ती चोरी म्हणून मोजायचे, म्हणून आजच्या आकड्यांशी थेट तुलना करू नका.)

१८८८ ला जायंट्सनी लीग जिंकली आणि त्या थंडीत शिकागोचा मालक अल्बर्ट स्पॉल्डिंग, तोच खेळाचं सामान विकणारा, दोन टीम घेऊन जगाच्या दौऱ्यावर निघाला. ऑस्ट्रेलिया, मग कोलंबो, मग इजिप्त, इटली, फ्रान्स, इंग्लंड. दुसऱ्या टीमचा कॅप्टन वॉर्ड. आणि तो तिकडे समुद्रावर असताना इकडे मालकांनी नवीन नियम केला, खेळाडूंची अ ते ई अशी पाच वर्गांत विभागणी, अ वर्गाला २,५०० डॉलर आणि ई वर्गाला १,५००, आणि वर्ग ठरवताना नुसता खेळ नाही तर मैदानाबाहेरचं वागणं सुद्धा बघायचं. म्हणजे युनियनचं काम करणाऱ्याला कुठल्या वर्गात टाकायचं हे मालकाच्या हातात. शिवाय वॉर्डला १२,००० डॉलरला वॉशिंग्टनला विकायचा सौदा पण त्याच काळात झाला होता, तो नाही म्हणाला म्हणून फिसकटला. दौरा संपायच्या आधीच तो परत आला.

खेळाडू चिडलेले होते, काहींना ४ जुलै १८८९ ला संप करायचा होता, सुट्टीचा दिवस, मैदानं भरलेली असतात. वॉर्डने थांबवलं. मला वाटतं हा त्याचा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय. संप केला असता तर काँट्रॅक्ट मोडल्याचा ठपका खेळाडूंवर आला असता, आणि तो वकील होता, त्याला माहीत होतं की मोसम पूर्ण खेळून काँट्रॅक्ट संपू द्यायचं आणि मग जायचं, म्हणजे कोर्टात बाजू स्वच्छ राहते. तसंच केलं. जायंट्स त्या वर्षी परत जिंकले आणि नोव्हेंबरमध्ये ब्रदरहूडने जाहीर केलं की आम्ही स्वतःची लीग काढतोय.

१८९० ची ही प्लेअर्स लीग. आठ शहरं, बॉस्टन, ब्रुकलिन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, शिकागो, पिट्सबर्ग, क्लीव्हलंड, बफेलो. रिझर्व्ह नाही, वर्गवारी नाही, तीन वर्षांची काँट्रॅक्ट, नफ्यात वाटा, आणि लीगच्या कारभारात प्रत्येक क्लबचे दोन प्रतिनिधी, एक पैसे लावणाऱ्यांचा आणि एक खेळाडूंचा. जुन्या क्लबने वॉर्डला कोर्टात खेचलं की हा आमचा राखीव माणूस आहे, दुसरीकडे खेळू देऊ नका. जानेवारी १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायमूर्ती ओब्रायन यांनी क्लबची मागणी फेटाळली, कारण हेच की एक बाजू दहा दिवसांत मोकळी होते आणि दुसरी कायमची बांधलेली राहते, आणि पुढच्या वर्षाच्या अटी तर कुठे लिहिलेल्याच नाहीत, असला करार कोर्ट कशाला राबवेल. वॉर्ड तीन वर्षांपासून जे सांगत होता तेच.

त्या वर्षीची किंग केलीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. केली म्हणजे तेव्हाचा सगळ्यात मोठा स्टार. स्पॉल्डिंगने त्याच्यासमोर १०,००० डॉलर ठेवले, परत ये म्हणून. केली जरा फिरून आला आणि म्हणाला पैसे तर हवेत पण पोरांना सोडून नाही येणार, आणि मग स्पॉल्डिंगकडेच ५०० डॉलर उसने मागितले, आणि त्याने दिले सुद्धा! हे स्वतः स्पॉल्डिंगनेच पुढे सांगितलंय. ज्याच्याकडे पैसा कधी टिकला नाही अशा माणसाने दहा हजार नाकारले, म्हणजे त्या संघटनेत काय ताकद होती बघा.

तरी लीग एका वर्षात बुडाली. कारण खेळ वाईट होता असं नाही, चांगले खेळाडू बहुतेक यांच्याकडेच होते आणि छापून आलेल्या आकड्यांनुसार प्रेक्षकही नॅशनल लीगपेक्षा जास्त होते. पण एकाच शहरात एकाच दिवशी दोन-दोन मॅच, प्रेक्षक वाटले गेले, दोन्हीकडे तोटा. तोटा सोसायची तयारी कुणाची जास्त एवढाच प्रश्न उरला. न्यूयॉर्क जायंट्स तर इतके खाली गेले होते की बाकीच्या मालकांनी वर्गणी काढून त्यांना वाचवलं. पण हे प्लेअर्स लीगच्या भांडवलवाल्यांना नीट कळलंच नाही, स्पॉल्डिंग वरून एकदम खंबीर असल्याचं दाखवत राहिला आणि हे लोक घाबरले. मोसम संपल्यावर वाटाघाटी सुरू झाल्या तेव्हा खेळाडूंच्या प्रतिनिधींना, ज्यात वॉर्ड स्वतः होता, बैठकीत बसू दिलं नाही. पैसेवाल्यांनी पैसेवाल्यांशी सौदा केला, एकेक क्लब जुन्या लीगच्या मालकांना विकून टाकला. वॉर्डची चूक कुठे झाली असं विचाराल तर मी म्हणेन इथे, त्याने खेळाडूंची काँट्रॅक्ट पक्की केली पण भांडवलवाल्याला पळून जाता येणार नाही असं त्याला बांधलं नाही. रिझर्व्हच्या विरोधात लढता लढता, ज्यांच्या पैशावर लीग उभी होती त्यांनाच मोकळं सोडलं.

त्यानंतरचं पटकन सांगतो. रिझर्व्ह परत आलं. १८९१ नंतर अमेरिकन असोसिएशन ही दुसरी मोठी लीग पण बंद पडली, बारा टीमची एकच नॅशनल लीग उरली आणि खेळाडूंचे पगार खाली आले. वॉर्ड ब्रुकलिनला आणि मग परत जायंट्सना खेळाडू-मॅनेजर म्हणून होता, १८९४ मध्ये त्याच्या टीमने टेम्पल कपमध्ये (लीगमधल्या पहिल्या दोन टीमची मोसमानंतरची मालिका) बाल्टिमोरला ४-० असं सरळ हरवलं आणि तिथेच ३४ व्या वर्षी त्याने खेळ सोडला. मग वकिली, त्यात क्लबांच्या विरोधात खेळाडूंचे खटले पण घेतले. गोल्फ उत्तम खेळायचा. १९१२ च्या सुमाराला काही काळ बॉस्टनच्या क्लबचा अध्यक्ष होता, आणि १९१४ मध्ये फेडरल लीग म्हणून परत एक बंडखोर लीग आली तिथे ब्रुकलिनच्या टीमचा कारभार बघायला हा हजर. ४ मार्च १९२५ ला जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा इथे न्यूमोनियाने गेला, आदल्याच दिवशी ६५ पूर्ण झाली होती.

रिझर्व्ह क्लॉज मोडायला १९७५ चा डिसेंबर उजाडला, पीटर सीट्झ या लवादाने अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरच्या बाजूने निकाल दिला तेव्हा. परत पिचरच. त्यांचा मुद्दा काय होता तर करार एक वर्ष वाढवता येतो, कायमचा नाही. कागदावरची तीच एक ओळ, जिच्यावर वॉर्ड १८८७ पासून बोट ठेवून होता.

१९६४ ला त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, बनिंगने परफेक्ट गेम टाकली तेच वर्ष. तिथल्या पाटीवर पिचिंग आहे, परफेक्ट गेम आहे, शॉर्टस्टॉप आहे, बॉस्टनचं अध्यक्षपद आहे, ब्रदरहूड आणि प्लेअर्स लीगचा मात्र शब्द नाही, आणि मला याचा राग येतो, स्पष्टच सांगतो. आणि तुम्ही आकडे शोधायला जाल तेव्हा एक लक्षात ठेवा, त्या पाटीवर त्याचे विजय १५८ लिहिलेत आणि आजच्या रेकॉर्डमध्ये १६४ दिसतील, हिटचा आकडा पण जागोजागी वेगळा दिसेल. नंतर लोकांनी जुने स्कोअरकार्ड परत तपासून मोजलंय, आणि १८८७ या एका वर्षी वॉक सुद्धा हिट म्हणून धरायचे, ते कुणी काढून टाकतं कुणी ठेवतं, त्यामुळे दोन ठिकाणी दोन आकडे दिसले तर कुठलातरी खोटा आहे असं लगेच धरू नका, आधी तो कुठल्या नियमाने मोजलाय ते बघा.